सरकारनेच मारलं? राजकीय हत्यांचे दावे कसे तपासायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी आला की तीन फॉरवर्ड हमखास फिरतात. ११ तारखेला 'शास्त्रीजींना ताश्कंदमध्ये विष दिलं', २४ ला 'भाभांच्या विमानात बॉम्ब होता' आणि ३० ला 'गांधीजींना लागलेली चौथी गोळी कुणाची?' तिन्ही दाव्यांमागे कुठलं ना कुठलं सरकार किंवा गुप्तहेर संस्था असते. असे दावे तपासताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

मुळात सरकारं असे खून करतात का?

करतात, आणि त्यातले काही पुराव्यानिशी सिद्धही झालेत. युक्रेनियन नेते लेव्ह रेबेट १९५७ मध्ये म्युनिकला वारले, तेव्हा हृदयविकाराचा झटका अशीच नोंद झाली होती. १९५९ मध्ये त्याच शहरात दुसरे युक्रेनियन नेते स्तेपान बांदेरा यांचा मृत्यू झाला. १९६१ मध्ये केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचा हस्तक स्ताशिन्स्की पश्चिम जर्मनीला शरण गेला आणि सायनाइडचा फवारा मारणाऱ्या नळीने दोघांनाही आपणच मारल्याची कबुली त्याने दिली. १९६२ मध्ये कार्ल्सरूहच्या न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली. चिलीचे माजी मंत्री ओर्लांदो लेतेलियेर २१ सप्टेंबर १९७६ रोजी खुद्द वॉशिंग्टनमध्ये गाडीतल्या बॉम्बने मारले गेले. त्या प्रकरणात चिलीच्या गुप्त पोलिसांचे प्रमुख कोंत्रेरास यांना १९९३ मध्ये चिलीतच शिक्षा झाली.

तेव्हा 'सरकार असं कशाला करेल?' हा बचाव लंगडाच आहे. मात्र 'सरकारं असं करतातच, म्हणजे हेही त्यांनीच केलं' हा युक्तिवादही तितकाच लंगडा. वरच्या प्रकरणांत मारेकऱ्याचं नाव आहे, हत्यार आहे, हुकूम कुठून आला याची साखळी आहे. व्हायरल दाव्यात यातलं काय काय आहे, ते आधी मोजा.

दावा हातात आला की पहिलं काय तपासायचं?

क्रियापद. मारावंसं वाटलं, मारण्याचा बेत केला, मारू पाहणाऱ्यांना हत्यारं दिली, कळत असून अडवलं नाही, स्वतः मारलं, मागाहून लपवलं : या सहा वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला वेगळा पुरावा लागतो. बहुतेक अफवांमध्ये पुरावा पहिल्या-दुसऱ्या पायरीचा असतो आणि वाक्य पाचव्या पायरीचं.

हा फरक शिकायला अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीइतकं चांगलं उदाहरण नाही. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने नोव्हेंबर १९७५ मध्ये परदेशी नेत्यांच्या हत्येच्या कटांवर अहवाल दिला. त्यात पाच प्रकरणं होती आणि पाचांचे निष्कर्ष पाच तऱ्हेचे निघाले.

क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोंना मारण्याचे सीआयएचे किमान आठ कट १९६० ते १९६५ या काळात झाले, असं समितीला आढळलं. म्हणजे बेतही झाला, प्रयत्नही झाला, माणूस मात्र मेला नाही.

कांगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांच्यासाठी सीआयएने १९६० मध्ये विष पाठवलं, ते वापरलं गेलं नाही. १७ जानेवारी १९६१ ला लुमुंबांना कांगोच्याच कटांगा प्रांतात गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्या प्रत्यक्ष खुनात सीआयएचा हात असल्याचा पुरावा समितीला मिळाला नाही. पुढे २००१ मध्ये बेल्जियमच्या संसदीय चौकशीने नैतिक जबाबदारी मान्य केली, ती बेल्जियमची. 'सीआयएने लुमुंबांना मारलं' हे वाक्य म्हणूनच जसंच्या तसं बरोबर ठरत नाही, आणि 'सीआयएचा काही संबंध नव्हता' हे तर साफ खोटं ठरतं.

डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा त्रुहियो ३० मे १९६१ रोजी मारला गेला. कटवाल्यांना अमेरिकी अधिकाऱ्यांनी तीन पिस्तुलं आणि तीन कार्बाइन दिल्या होत्या. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष दीम यांच्याविरुद्धच्या बंडाला अमेरिकेचं पाठबळ होतं, पण २ नोव्हेंबर १९६३ चा खून त्या योजनेचा भाग असल्याचं दिसलं नाही. चिलीचे लष्करप्रमुख जनरल श्नायडर यांचं प्रकरण सगळ्यांत गुंतागुंतीचं आहे. २२ ऑक्टोबर १९७० च्या पहाटे सीआयएने एका गटाला सबमशीनगन पोचवल्या, त्याच दिवशी जनरलवर गोळ्या झाडल्या गेल्या, पण झाडणारा गट दुसराच होता. त्या दुसऱ्या गटाशीही सीआयएचा आधी संपर्क होताच. आता हे सगळं एका ओळीच्या फॉरवर्डमध्ये बसवून दाखवा!

कॅस्ट्रोंवर ६३८ हल्ले झाले म्हणतात. आठ खरे की ६३८?

६३८ हा आकडा क्यूबाच्या गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख फाबियान एस्कालांते यांचा. त्यात बेत, शिजण्याआधीच सोडून दिलेल्या कल्पना, निर्वासित क्यूबन गटांचे उद्योग असं बरंच काही येतं. समितीचा 'किमान आठ' हा आकडा फक्त सीआयएचा हात असलेल्या, कागदोपत्री दिसलेल्या कटांचा आहे. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे नाहीत, त्यामुळे एक खरा म्हणून दुसरा खोटा ठरत नाही. आकडा सांगणाऱ्याला एवढंच विचारायचं : मोजलं काय?

सिगार देऊन कॅस्ट्रोंना मारण्याच्या बेताचा किस्साही इथलाच. स्फोटक सिगार लोकप्रिय झाली, पण अहवालात तपशिलाने येते ती बोट्युलिनम विष लावलेली सिगारची पेटी. स्फोट होणार होता तो समुद्रातल्या शिंपल्याचा, आणि तो बेत अव्यवहार्य म्हणून सोडून दिला गेला.

खुद्द सीआयएचाच कागद सापडला, मग आणखी काय हवं?

कागद कुठल्या जातीचा आहे ते बघा. सीआयएच्या जुन्या माहिती-अहवालांच्या माथ्यावर बऱ्याचदा छापलेलंच असतं की ही माहिती पारखलेली नाही. कुणी खबऱ्याने कुणाकडून तरी ऐकलेलं तिथे जसंच्या तसं उतरवलेलं असतं. असा कागद ती बातमी संस्थेपर्यंत पोचली होती एवढंच सांगतो. बातमी खरी होती की नाही, ते त्यावरून ठरत नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रात नेमकी ती माथ्यावरची ओळ कापलेली असते.

ग्वातेमालाचं प्रकरण पाहा. तिथे सीआयएने घडवलेल्या १९५४ च्या सत्तापालटाची कागदपत्रं १९९७ मध्ये खुली झाली, त्यांत खून कसा करावा याची चक्क मार्गदर्शिका निघाली आणि ठार मारायच्या माणसांच्या याद्यांचा उल्लेखही. पण त्या यादीनुसार कुणाला मारलं गेल्याचा पुरावा सीआयएच्या स्वतःच्या इतिहासकाराला सापडला नाही. यादी भयंकर आहेच, तरी यादी म्हणजे प्रेत नव्हे.

भाषाही फसवी असते. १९६० मध्ये एका इराकी कर्नलचा 'बंदोबस्त' करण्याचा प्रस्ताव सीआयएतल्या ज्या समितीपुढे गेला, तिचं नाव होतं 'प्रकृती-बदल समिती'. त्याला औषध लावलेला हातरुमाल टपालाने पाठवायचा होता. उद्देश माणूस काही काळ निकामी करण्याचा, मात्र तो कायमचा गेला तरी हरकत नाही, अशा अर्थाची शेरेबाजी फाइलवर आहे. रुमाल पोचला नाही किंवा चालला नाही. कर्नल मेला तो बगदादमध्ये, गोळीबार पथकासमोर. फाइल अर्धीच वाचणारा इथे 'सीआयएने विषारी रुमालाने मारलं' असं लिहून मोकळा होतो.

लालबहादूर शास्त्रींचं काय? शवविच्छेदनच झालं नाही ना?

नाही झालं, आणि दाव्यातला हा भाग खरा आहे. ताश्कंद करारावर १० जानेवारी १९६६ ला सह्या झाल्या. ११ च्या पहाटे, दीडच्या सुमारास शास्त्रीजी गेले, १२ ला दिल्लीत अंत्यसंस्कार झाले. मृतदेह टिकवण्यासाठी त्यावर एम्बामिंग झालं होतं आणि त्या रसायनांमुळे विषाचा शोध पुढे आणखी अवघड होतो. खात्री करून घेण्याची एकमेव संधी त्या दोन दिवसांत होती आणि ती गमावली गेली. ज्यांनी गमावली त्यांना दोष द्यायला हवाच.

आता दुसरी बाजू. शास्त्रीजी ६१ वर्षांचे होते, हृदयविकाराचा त्रास त्यांना आधीपासून होता. 'अंग निळं पडलं होतं' हा सर्वांत जास्त सांगितला जाणारा पुरावा वैद्यकीयदृष्ट्या कच्चा आहे : रक्ताभिसरण थांबल्यावर त्वचेचा रंग बदलतोच, हृदय निकामी होऊनही निळसर झाक येते. नुसत्या रंगावरून विष ठरत नाही, तसंच विष नव्हतं हेही ठरत नाही.

२००९ मध्ये माहिती अधिकारात विचारणा झाली तेव्हा पंतप्रधान कार्यालयाने सांगितलं की या विषयावर एक गोपनीय दस्तऐवज आहे, पण परराष्ट्र संबंध बिघडू शकतात म्हणून देता येणार नाही. या उत्तराने संशय वाढला, ते साहजिकच होतं. तरीही न दाखवलेल्या कागदात काय लिहिलंय याचा अंदाज हा पुरावा होऊ शकत नाही, तो कुठल्याही बाजूने केलेला असो. या प्रकरणात प्रामाणिक वाक्य एवढंच : मृत्यू संशयास्पद ठरवला गेला कारण तपास झाला नाही, आणि तपास झाला नाही म्हणून खून सिद्धही होत नाही.

आणि डॉ. होमी भाभांचं विमान?

इथे मात्र उत्तर बरंच पक्कं आहे. एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान २४ जानेवारी १९६६ ला जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगरावर आदळलं आणि ११७ जण मेले. फ्रेंच चौकशीने जी कारणमीमांसा दिली ती अशी. विमानाच्या दोन दिशादर्शक रेडिओ-यंत्रांपैकी एक बंद होतं आणि ते वैमानिकाला ठाऊक होतं. त्यामुळे त्याचा स्वतःच्या जागेचा अंदाज चुकला. रडारवरच्या नियंत्रकाला चूक दिसली, त्याने डोंगर अजून पाच मैल पुढे असल्याचं कळवलं. पण शब्द नेमके नव्हते. आपण शिखर ओलांडलंय असा वैमानिकाचा समज झाला आणि तो खाली येत राहिला. याच डोंगरावर नोव्हेंबर १९५० मध्ये एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' आदळलं होतं, हे मुंबईतही आता फारसं कुणाला आठवत नाही.

बॉम्बचा दावा येतो कुठून? सीआयएचे अधिकारी रॉबर्ट क्राउली यांच्याशी झालेल्या म्हणे फोन-संभाषणांच्या एका पुस्तकातून. ते छापून आलं तेव्हा क्राउली हयात नव्हते, म्हणजे 'मी असं बोललोच नाही' म्हणायला कुणी उरलं नव्हतं. दाव्याला दुजोरा देणारा एकही कागद सीआयएच्या खुल्या झालेल्या साठ्यातून पुढे आलेला नाही. शिवाय हिमनदीतून अजून वस्तू बाहेर येतात. २०१२ मध्ये भारतीय टपालाची राजनैतिक थैली मिळाली, २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीच्या बातम्या असलेली वर्तमानपत्रं मिळाली. यातल्या प्रत्येक वेळी 'गूढ उकललं' असे मथळे आले. ओली वर्तमानपत्रं बॉम्बबद्दल काही सांगत नाहीत.

'तेरा दिवसांत दोघेही गेले, हा योगायोग कसा?' असंही विचारतात. दोन्ही घटना आधी वेगवेगळ्या तपासायच्या, मग जोडायच्या. आधी जोडल्या की एकीतली पोकळी दुसरीच्या गूढाने भरली जाते.

गांधीजींना चौथी गोळी लागली होती का?

न्यायालयात तीनच सिद्ध झाल्या, आणि ३० जानेवारी १९४८ ला तुघलक रोड ठाण्यात नोंदवलेली उर्दूतली फिर्यादही तीनच सांगते. मुंबईच्या एका संशोधकाने चौथ्या गोळीचा आणि 'फोर्स १३६' या ब्रिटिश संघटनेचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमलं. त्यांनी मूळ कागदपत्रं तपासून सांगितलं की दोन्हींना आधार नाही. २८ मार्च २०१८ ला याचिका फेटाळली गेली. घटनेनंतर काही तासांत छापलेल्या बातम्यांत आकडे हमखास चुकतात. शिवाय गोळी शिरल्याची आणि बाहेर पडल्याची जखम वेगळी मोजली की गोळ्या आपोआप वाढतात.

आयोगाने म्हटलं म्हणजे झालं ना सिद्ध?

चौकशी आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार नेमलेला आयोग शिक्षा देत नाही, त्याचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात आणि त्याच्यापुढे दिलेला जबाब साक्षीदाराविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही, अपवाद खोटी साक्ष दिल्याच्या खटल्याचा. नेताजींच्या मृत्यूवर शाहनवाज समिती आणि खोसला आयोगाने विमान अपघात मानला, मुखर्जी आयोगाने नाकारला आणि २००६ मध्ये सरकारने मुखर्जींचा निष्कर्ष अमान्य केला. आपल्याला हवा तोच आयोग उचलणाऱ्यापासून सावध राहा.

त्याउलट आयोगांचं खरं मोल साक्षी जमवण्यात आहे. १९६४ मध्ये पुण्यातल्या एका सत्कार-सभेत गांधीहत्येची 'आधी कल्पना होती' असं वक्तव्य झालं, त्यावर गदारोळ माजला आणि पुढे कपूर आयोग आला. त्या आयोगाने १०१ साक्षीदार तपासले. निष्कर्ष पटो न पटो, त्यातल्या साक्षी वाचण्याजोग्या आहेत.

वैज्ञानिक पुरावा असेल तर वाद संपतो?

अमेरिकी अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या प्रकरणात उलट घडलं. १९७९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने बहुधा कट होता असं म्हटलं, ते मुख्यतः डल्लास पोलिसांच्या रेडिओ-मुद्रणातल्या आवाजांवरून. मोटरसायकलवरचा माइक अडकून चालू राहिला होता आणि त्यात चौथी गोळी, म्हणजे दुसरा मारेकरी, ऐकू येतो, असं तज्ज्ञांचं म्हणणं होतं. मग ओहायोतल्या एका ड्रमवादकाने मासिकासोबत आलेली प्लास्टिकची तबकडी पुन्हा पुन्हा ऐकली, आणि त्या 'गोळ्यांच्या' जागीच शेरीफचं एक वाक्य पुसटसं ऐकू आलं. ते वाक्य खुनानंतर सुमारे मिनिटभराने उच्चारलेलं होतं. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने ते मान्य केलं : आवाज गोळीबाराच्या वेळचे नव्हतेच. म्हणून तांत्रिक पुराव्यात दोन गोष्टी बघायच्या. मूळ नमुना कुणाकडे, कसा राहिला, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच निकाल मिळाला का.

साक्षीदार एकामागून एक कसे मेले?

केनेडी प्रकरणात एका ब्रिटिश वृत्तपत्राने १९६७ मध्ये छापलं की इतके साक्षीदार इतक्या लवकर मरण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. पुढे त्यांनीच कबूल केलं की प्रश्न चुकीचा मांडला गेला होता. ठराविक पंधरा-वीस माणसं मरण्याची शक्यता अत्यल्प असते. हजारो नावांच्या यादीतली कुठलीही पंधरा-वीस माणसं मरण्याची शक्यता मात्र भरपूर. आधी यादी किती जणांची ते विचारा. 'समितीपुढे साक्ष द्यायला निघाले आणि अपघात झाला' असं वाचलंत तर त्या समितीचा ठराव आणि साक्षीची तारीख मागा.

खात्रीशीर निकाल न लागलेली प्रकरणं आहेत का?

आहेत. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस दाग हॅमरशोल्ड यांचं विमान १८ सप्टेंबर १९६१ ला आफ्रिकेत, आजच्या झांबियातल्या एन्दोलाजवळ पडलं. बाहेरून हल्ला झाला असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्याच अलीकडच्या चौकशीने खुली ठेवली आहे. लंडनमध्ये २००६ मध्ये विषप्रयोगाने मेलेले माजी रशियन गुप्तहेर लित्विनेन्को यांच्या प्रकरणातही ब्रिटिश चौकशीने २०१६ मध्ये पोलोनियम कुणी दिलं ते ठामपणे सांगितलं, पण पुतिन यांच्या मंजुरीपुढे 'बहुधा' हा शब्द ठेवला. मराठी बातम्यांत तो 'बहुधा' गळून पडला की अर्थच बदलतो.

माहिती अधिकारात अर्ज कसा करायचा?

'शास्त्रीजींचा खून झाला का?' असं विचारू नका. माहिती म्हणजे कार्यालयात असलेली नोंद, त्यामुळे मत मागणारा अर्ज तिथेच संपतो. 'जानेवारी १९६६ मधील अमुक विषयाच्या फाइलींची यादी, फाइल क्रमांक, पृष्ठसंख्या आणि सध्याचं वर्गीकरण द्यावं' असं लिहा. आधी यादी, मग प्रत. केंद्रासाठी शुल्क १० रुपये, प्रतीचे पानाला २ रुपये. अर्ज ऑनलाइनही करता येतो. चुकीच्या कार्यालयाकडे गेला तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं केंद्रीय माहिती आयोगाकडे ९० दिवसांत.

अडतं कुठे? वीस वर्षांहून जुनी माहिती खुली असं कलम ८(३) सांगतं खरं, पण परराष्ट्र संबंध आणि सुरक्षेशी निगडित माहितीला ते लागू होत नाही. रॉ आणि गुप्तचर विभाग कलम २४ खाली कायद्याबाहेर आहेत, अपवाद भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा. म्हणून थेट त्यांच्याकडे जाण्याआधी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर शोधा. परराष्ट्र खात्याच्या हस्तांतरित झालेल्या फाइलींचे क्रमांक तिथे मिळतात आणि क्रमांक घालून केलेला अर्ज टाळणं कार्यालयाला जड जातं. नकार आलाच तर कोणत्या पोटकलमाखाली आणि किती पानांसाठी, हे लेखी मागा. कलम १० नुसार फाइलमधली फक्त गोपनीय पानं झाकून उरलेली द्यायची असतात, पण अर्जात तसं मुद्दाम लिहिलेलं नसेल तर बहुधा अख्खी फाइलच नाकारली जाते.